कुठल्या कंपनीचं रडार घेऊ, मामू?

जहाजावरून रिटायर होऊन आलेल्या माणसाला गावात वाटेल ते विचारलं जातं. मी २७ वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. त्यामुळे हातखंब्यात माझ्या ओटीवर इन्व्हर्टरपासून मशिदीच्या ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं येऊन पडतं. दुसरा नेहमीचा प्रश्न असा, की दर्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने घर बांधायला हातखंबाच का निवडलं? इथून समुद्र दिसत नाही. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता येऊन मिळतो आणि ट्रकचा आवाज रात्रंदिवस थांबत नाही. मी सांगतो, मिरकरवाड्याच्या मासळीच्या गाड्या बर्फाचं पाणी सांडत दारावरून जातात, तेवढा समुद्र मला पुरतो.

पण गेल्या पावसाळ्यात भाच्याने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. "मामू, बोटीवर रडार बसवायचंय. भरवशाची कंपनी कुठली?"

भाचा १४ वर्षं कतारमध्ये होता. नोकरी गेली, परत आला. आमच्या घरांतून हे गेली पन्नास वर्षं चालूच आहे. मुलगा आखातात, घर इथे, आणि परतल्यावर करायचं काय हा प्रश्न कायमचा. कुणी चिकनचं दुकान काढतो, कुणी टेम्पो घेतो. याने बोट घेतली. तीस फुटांची, फायबरची, मागे दोन आउटबोर्ड इंजिनं. पोटासाठी करतात ती मासेमारी नव्हे. पुणे, सांगली, कोल्हापूरकडून रॉड आणि रील घेऊन येणारी हौशी मंडळी असतात. त्यांना पहाटे तीनला बोटीत घ्यायचं, उजाडायच्या आत पंधरा-वीस मैल बाहेर न्यायचं, सुरमई लागली तर त्यांचे फोटो काढायचे आणि दुपारी परत आणायचं. धंदा वाईट नाही. पण त्यात त्याची सगळी शिल्लक गेली आहे आणि माझ्या बहिणीच्या बांगड्यांचेही काही पैसे आहेत. हे त्याने नाही, तिने मला सांगितलं.

त्याच्या कागदावर चार नावं होती. फुरुनो, गार्मिन, रेमरिन आणि सिमरॅड. स्क्रीन धरून प्रत्येकाचं कोटेशन लाखांच्या घरात. माणूस दोन-तीन लाख रुपये एका पांढऱ्या घुमटात घालतो तेव्हा त्याला एक नाव हवं असतं, ज्यावर बोट ठेवून निर्धास्त व्हावं. मला ते समजतं. म्हणून आधी नावांबद्दलच सांगतो.

फुरुनो हे आडनाव आहे. जपानच्या नागासाकी प्रांतात हे भाऊ बोटींवरची विजेची कामं करायचे. जिथे बुडबुडे येतात तिथे खाली मासे असतात, असं त्यांनी मच्छीमारांकडून ऐकलं आणि १९४८ साली मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं. आज ज्याला आपले तांडेल फिशफाइंडर म्हणतात त्याची सुरुवात तिथली. गार्मिनचा जन्म १९८९चा. गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांच्या नावांचे तुकडे जोडून ते नाव झालं. आता ही कंपनी गाडीत आहे, मनगटावर आहे आणि बोटीवरही. रेमरिनचं मूळ अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीत. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणारे मॅग्नेट्रॉन तिने प्रचंड संख्येने बनवले. तिथल्याच पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून पुढे मायक्रोवेव्ह ओव्हन निघाला. म्हणजे आपल्या सुना बिर्याणी गरम करतात ते यंत्र रडारचं नातेवाईक आहे. रेमरिन २००१ मध्ये रेथिऑनपासून वेगळी झाली, २०१० मध्ये फ्लिर कंपनीने ती घेतली आणि २०२१ मध्ये फ्लिरलाच टेलिडाइनने घेतलं. सिमरॅड ही मूळची नॉर्वेची, विली सायमनसेन नावाच्या माणसाने युद्धानंतर काढलेली. आज ती नाविको या समूहात आहे आणि तो समूह २०२१ पासून अमेरिकेच्या ब्रन्सविक कंपनीचा. मर्क्युरीची आउटबोर्ड इंजिनं बनवते तीच ही ब्रन्सविक.

माझ्या पहिल्या जहाजावर डेक्काचं रडार होतं. डेक्का म्हणजे तीच, ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी इंग्लिश कंपनी. युद्धानंतर तिची रडार जगभरच्या जहाजांवर होती आणि आमचे जुने कप्तान ते नाव आदराने घ्यायचे. १९८० मध्ये ती विकली गेली, पुढे आणखी हात बदलले आणि आज रडारच्या बाजारातून ते नाव जवळपास पुसलं गेलं आहे. घुमटावरच्या अक्षरांना आपण खानदान समजतो. प्रत्यक्षात मालक बदलतो, कारखाना बदलतो, आतलं यंत्रही दर पाच-सात वर्षांनी पार वेगळं असतं. वीस वर्षांपूर्वी कुणाचं तरी रडार पंधरा हंगाम चाललं, यावरून आजच्या मॉडेलबद्दल फारसं काही कळत नाही. तरी माझं मत विचाराल तर मोठ्या जहाजांवर मी जपानी यंत्रं जास्त सोशिक पाहिली. पण हे मत मोठ्या जहाजांपुरतं. तिथे डोलकाठीवर दोन-अडीच मीटर लांबीचं पातं गरगरत असतं. भाच्याच्या बोटीवर येणार तो मोठ्या पातेल्याएवढा प्लॅस्टिकचा घुमट. नाव एकच असलं तरी वस्तू वेगळी.

त्या कागदावर प्रत्येक नावापुढे त्याने रेंज लिहिली होती. कुणाची २४ मैल, कुणाची ३६, कुणाची ४८. साहजिकच ४८वाल्याकडे त्याचा कल होता. इथे मी त्याला कॅल्क्युलेटर काढायला लावला. रडारच्या लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे किती लांबचं दिसणार हे आधी उंचीवर ठरतं. हिशेब सोपा आहे. घुमटाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढायचं, समोरच्या वस्तूच्या उंचीचं काढायचं, दोन्ही मिळवायची आणि २.२ ने गुणायचं. उत्तर सागरी मैलांत येतं. याचा घुमट पाण्यापासून तीन मीटरवर. समोर जयगडकडे जाणारं मोठं जहाज, समजा २५ मीटर उंच, तर ते १५ मैलांच्या आतबाहेर दिसू लागेल. समोर राजिवड्याची मीटरभर उंचीची होडी असेल तर सहा मैल, आणि तेही कागदावर. खोक्यावरचे ४८ मैल हे फार तर सह्याद्रीचा कडा किंवा आकाशातला ढग पाहायला.

दुसरा आकडा कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही, पण तो जास्त कामाचा आहे. अठरा इंची घुमटातून निघणारा झोत साधारण पाच अंश रुंद असतो. एका मैलावर पाच अंश म्हणजे सुमारे १६० मीटर. त्या अंतरात शेजारी-शेजारी दोन होड्या असल्या तर पडद्यावर एकच डाग दिसेल. दोघांच्या मधून जायला वाट आहे की नाही, हे त्या पडद्याला सांगता येणार नाही. घुमट चोवीस इंची घेतला तर झोत थोडा अरुंद होतो. म्हणून मी म्हटलं, पैसे जास्त घालायचेच असतील तर नावावर घालू नकोस, घुमटाच्या रुंदीवर घाल.

आता बिघाडाचं. मिरकरवाड्यात ओळखीच्या एका नाखव्याच्या ट्रॉलरवर नवं रडार वारंवार बंद पडत होतं. इंजिन चालू केलं की पडदा काळा. त्याने कंपनीला शिव्या घालून घातल्या. मी जाऊन पाहिलं तर बॅटरीपासून पडद्यापर्यंत घरातल्या पंख्याला वापरतात तसली बारीक तार, मध्ये दोन ठिकाणी टेप गुंडाळलेले जोड. टेप सोलला तर आत तांब्याची हिरवी पूड. बारा व्होल्ट निघायचे आणि पोचायचे जेमतेम दहा. त्यात इंजिनाने हिसका दिला की यंत्र मान टाकणारच. कथलाचा मुलामा दिलेली जाड तार टाकली, जोड काढून टाकले, घुमटाच्या खाली तारेला एक झोळ ठेवला, म्हणजे पाणी तारेवरून कनेक्टरकडे न जाता झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडतं. खर्च काही हजार. ते रडार अजून चालू आहे. छोट्या बोटींवरची बंद रडार मी आजवर जेवढी उघडली, त्यांत दोष जास्त वेळा घुमटाच्या बाहेरच सापडला. तारेत, जोडात, फ्यूजमध्ये.

पण सगळंच पाप तारेचं नसतं. दुसऱ्या एका ओळखीच्या बोटीवर नामांकित कंपनीचा घुमट दुसऱ्याच हंगामात आतून ओला झाला. सील कच्चं होतं. कंपनीने दोष मान्यही केला. पण नवा घुमट येईपर्यंत ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही गेले. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यानंतरच्या या महिन्यांत बोटवाल्याने कमवायचं असतं. वॉरंटीच्या कागदाने त्याचे ते दोन महिने भरून आले नाहीत. म्हणून मी भाच्याला म्हटलं, चारही कंपन्यांना एकच विचार. बिघडलं तर रत्नागिरीत कोण येणार, किती दिवसांत, आणि तो येईपर्यंत बदली यंत्र मिळणार का? कतारहून एका मित्राचं जुनं रडार अर्ध्या किमतीत मिळत होतं, तेही मी याच कारणासाठी नको म्हटलं. तिकडच्या यंत्राची वॉरंटी इकडे चालेलच असं नाही आणि सुट्या भागासाठी प्रत्येक वेळी कुणाच्या तरी बॅगेची वाट बघावी लागते.

बंद पडलेल्या रडारला मी फार घाबरत नाही. पडदा काळा झाला की माणूस सावध होतो, वेग कमी करतो, बाहेर बघतो. अर्धवट चालणारं रडार वाईट. जुन्या पद्धतीच्या रडारमध्ये मॅग्नेट्रॉन असतो. काही हजार तास चालल्यावर तो थकतो, पण एकदम मरत नाही. पडद्यावर किनारा दिसतो, भगवती किल्ल्याचा कडा दिसतो, मोठी जहाजं दिसतात, सगळं ठीक वाटतं. फक्त बारीक वस्तू एकेक करून दिसेनाशा होतात. आणि जे दिसत नाही ते दिसत नाही, हे कळणार कसं? मोठ्या जहाजांवरच्या रडारला आपली ताकद स्वतः तपासण्याची सोय असते, ती नियमाने सक्तीची आहे. छोट्या घुमटांवर अशी सक्ती नाही.

आताच्या बहुतेक नव्या घुमटांत मॅग्नेट्रॉन नसतो. चार हजार वॉटच्या एका ठोक्याऐवजी वीस-चाळीस वॉटची लांब, हिशेबाने बदलत जाणारी लहर सोडतात. वीज कमी लागते, चालू केल्यावर गरम व्हायला दीड-दोन मिनिटं थांबावं लागत नाही, जवळचं जास्त स्वच्छ दिसतं. काहींमध्ये आपल्या दिशेने येणारी वस्तू वेगळ्या रंगात दाखवतात. चांगली सोय आहे, घ्यावी. पण घुमटावर मिठाचा थर बसणं किंवा आत ओल शिरणं कुठल्याच तंत्रज्ञानाने बंद झालेलं नाही. म्हणून मी त्याला एक वही करायला सांगितली. महिन्यातून एकदा, शांत समुद्रात, ठरलेल्या जागेवरून, नॉब ठरलेल्या खुणेवर ठेवून एखादी बारीकशी ओळखीची वस्तू बघायची. बंदराच्या वाटेवरचा बोया चालेल. किल्ल्याचा कडा नको, तो मरायला टेकलेल्या रडारलाही दिसतो. बोया किती अंतरापर्यंत दिसला ते तारखेसह लिहायचं. अंतर कमी होऊ लागलं की समजायचं.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे कुठलंही घेतलं तरी चालेल?" तेव्हा मी त्याला आमच्या चाचांची गोष्ट सांगितली. घरात ती सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी फारशी काढत नाही.

मी शाळेत होतो तेव्हाची. चाचा राजिवड्याहून लाकडी होडी घेऊन जायचे, गिलनेटचं जाळं. रात्री जाळं टाकून होडीत तिघे आडवे झालेले, काठीला एक कंदील. चाचांना जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. जहाजाच्या नाळेसमोर जो फेसाळ लोट असतो त्याचा तो आवाज. वर पाहिलं तर तारे दिसेनात. होडी मधोमध कापली गेली. चाचा आणि एक खलाशी जाळ्याच्या बोयांना धरून सकाळपर्यंत तरंगले, दुसऱ्या होडीने त्यांना उचललं. तिसरा खलाशी सापडला नाही. जहाज कुठलं, कुणाचं, कुठे चाललेलं, काहीच कळलं नाही. जहाजावर तरी कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. चाचा पुढे वीस वर्षं जगले, समुद्रावरही गेले, पण होडीत परत आडवे झाले नाहीत. बसून झोपायचे.

पुढे मी स्वतः जहाजावर लागलो आणि त्या पडद्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. एकदा पावसाळ्यात मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर रडारच्या एका दुरुस्तीसाठी मी ब्रिजवर होतो. लाटा चांगल्या होत्या. अशा वेळी पडद्याच्या मध्यभागी लाटांचाच पांढरा चुरा दिसतो. तो घालवायला एक नॉब असतो. सेकंड ऑफिसरने तो फिरवला, पडदा स्वच्छ झाला. तेवढ्यात उजवीकडे खिडकीतून मला एक दिवा दिसला, वर-खाली होणारा, पिवळा. पडद्यावर त्या जागी काहीच नव्हतं. मी त्याला दाखवला. त्याने नॉब थोडा मागे घेतला. चुरा परत आला आणि त्या चुऱ्यात एक कण असा होता, जो पातं फिरल्यावर दर वेळी त्याच जागी उमटत होता. बाकीचे उड्या मारत होते, हा बसून होता. ती होडी होती. जहाज वळवायला अंतर पुरेसं होतं, वळवलं. सेकंड ऑफिसर चांगला, कामसू पोरगा होता. रडार उत्तम, नावाजलेल्या कंपनीचं, मी स्वतः तपासलेलं. लाटा पुसायला गेलं की होडी पुसली जाते, कारण लाकूड आणि फायबर रडारच्या लहरी फार कमी परतवतात आणि होडीची उंची लाटेएवढीच असते. रडारच्या हिशेबात चाचा आणि लाट यांत फारसा फरक नव्हता.

खरं तर रडारची पहिली कल्पनाच जहाजांची टक्कर टाळण्याची होती. १९०४ साली जर्मनीत ख्रिस्तियान हुल्समायर नावाच्या माणसाने कोलोनला ऱ्हाईन नदीवर, येणारी बोट लहरींनी ओळखणारं यंत्र चालवून दाखवलं. त्याला ते धुक्यातल्या जहाजांसाठी विकायचं होतं. कुणी घेतलं नाही. पुढे युद्धाने रडार घडवलं आणि युद्ध संपल्यावर ते मालवाहू जहाजांवर आलं. आणि लोकांना वाटलं, आता टकरी संपल्या. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटुकेट बेटाजवळ 'आंद्रेया दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली. ५१ माणसं गेली. दोन्ही जहाजांवर रडार होतं, दोन्ही चालू होती, दोघांनीही एकमेकांना पडद्यावर आधीच पाहिलं होतं. एका पडद्यावरचं अंतर चुकीच्या पट्टीवर वाचलं गेलं असावं, असं काही अभ्यासकांनी नंतर म्हटलं. समुद्रावर टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले, त्यात अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नका असं बजावताना रडारच्या अपुऱ्या माहितीचा वेगळा उल्लेख आहे. आणि त्याच्याही आधीचा नियम डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवण्याचा.

भाच्याला हे लागू कसं? तो गप्प झाला, पण मग म्हणाला, "मामू, माझी बोट जहाज नाही. मला कुणी कापू नये म्हणून तर रडार घेतोय." मोठी जहाजं तुला कळावीत एवढंच असेल, तर त्यासाठी एआयएसचा रिसीव्हर पुरेल, असं मी त्याला सांगितलं. मोठी जहाजं आपलं नाव, जागा आणि दिशा स्वतःच सांगत असतात, ते ऐकणारा डबा रडारपेक्षा बराच स्वस्त येतो. रडार लागतं ते जे काही सांगत नाहीत त्यांच्यासाठी. पहाटे साडेतीनच्या अंधारात दोन इंजिनांवर बावीस नॉटने जाणारी तुझी बोट त्या होडीवाल्यासाठी जहाजच आहे. मासेमारी बोटींवर सरकार आता उपग्रहाचे ट्रान्सपाँडर बसवत आहे, पण त्यांचं बोलणं किनाऱ्याशी चालतं. शेजारून येणाऱ्या बोटीला त्यातून होडी दिसत नाही.

मग आम्ही आणखी एक हिशेब केला. अशी होडी रडारला अर्ध्या मैलावर दिसली असं धरू. बावीस नॉटला तिथपर्यंत पोचायला जेमतेम ऐंशी सेकंद. त्यात पडद्याकडे लक्ष जायचं, तो डाग लाट नाही हे ओळखायचं आणि मागे बसलेल्या सहा पाहुण्यांना न पाडता वळायचं. दहा नॉटला तीन मिनिटं मिळतात. माझ्या मते रडारच्या भरवशात सगळ्यात मोठा फरक याने पडतो, आणि तो फुकट आहे. फुकट म्हणजे, तीनऐवजी दोनला निघावं लागेल. हे त्याला रडारच्या किमतीपेक्षा जड गेलं. पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला दोन वाजता जेटीवर बोलावणं सोपं नाही. तरी त्याने केलं. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहून टाकलं, की अंधारात बोट हळू जाईल. दोन ग्रुप दुसऱ्या बोटवाल्याकडे गेले. ते त्याला लागलंही.

घेतलं कुठलं? त्या चार नावांपैकीच एक, चोवीस इंची. निवडण्याचं कारण एवढंच, की त्याचा दुरुस्तीवाला दुपारी फोन केला तर संध्याकाळपर्यंत बंदरावर येतो. तार मी स्वतः टाकली. भाट्ये खाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ त्याला दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी त्याला दाखवून दिलं. पाण्याखालचं रडारला काही कळत नाही. ते भरती-ओहोटी ओळखणाऱ्या माणसालाच विचारायचं.

बोट बांधून झाल्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे उरले होते. त्यांतून आम्ही आठ रिफ्लेक्टर बनवले. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात अडकवायचे, की जो कोपरा तयार होतो तो लहर जिथून आली तिकडेच परत पाठवतो. वीतभर उंचीची, करायला अगदी सोपी वस्तू. राजिवड्याच्या आणि कर्ल्याच्या होडीवाल्यांना वाटले. मैलभर अंतरावरून तपासलं, तर नुसती होडी पडद्यावर अधूनमधून लुकलुकायची, रिफ्लेक्टर काठीला बांधल्यावर बहुतेक फेऱ्यांत तिथे ठिपका राहिला. पण काठी जेवढी उंच तेवढा फायदा, आणि उंच काठी जाळं ओढताना आडवी येते. एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, "म्हणजे आता जहाजं आम्हाला बघून सरळ आमच्याकडेच यायची नाहीत ना?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. आठांतले पाच अजून काठ्यांवर आहेत. दोन परत आले, जाळं अडकतं म्हणून. एकाचा पत्रा सोडवून कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला आहे. परत आलेले दोन्ही माझ्या ओटीवर आहेत, त्यांना घडी घालता येईल अशी बिजागरी बसवून बघतो आहे.